अधिवास कोणाचा? परदेशी घटस्फोटांविषयीच्या दोन न्यायनिर्णयांची समीक्षा

१

विवाह एका देशात, नोकरी व संसार दुसऱ्या देशात आणि घटस्फोट तेथल्याच एखाद्या न्यायालयात, हा क्रम गेल्या साठ-सत्तर वर्षांत अनेक भारतीय कुटुंबांच्या परिचयाचा झाला आहे. अशा प्रसंगी मायदेशी राहिलेल्या जोडीदारापुढे उभा राहणारा प्रश्न वरवर पाहता साधा असतो. परदेशी न्यायालयाने तोडलेला विवाह येथेही तुटला काय? पत्नीची पोटगी, पतीच्या दुसऱ्या विवाहाची वैधता, त्या विवाहातून उद्भवणारा द्विभार्या-प्रतिबंधाचा गुन्हा आणि वारसा हे सारे या एका उत्तरावर अवलंबून असते.

या प्रश्नाचे उत्तर ज्या शाखेत शोधावयाचे तिला खाजगी आंतरराष्ट्रीय कायदा म्हणतात. नावात ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द असला, तरी हा राष्ट्राराष्ट्रांनी मिळून ठरविलेला कायदा नव्हे. परकीय घटक असलेल्या खाजगी वादांना प्रत्येक देशाच्या न्यायालयाने लावावयाचे ते त्या त्या देशाचेच नियम होत. भारतात परदेशी घटस्फोटांच्या मान्यतेविषयी स्वतंत्र अधिनियम नाही. न्यायालयांच्या हाती आहे ते प्रामुख्याने दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील कलम १३. परदेशी न्यायालयाचा निर्णय पक्षकारांमध्ये निर्णायक मानावा असे हे कलम सांगते आणि त्यास सहा अपवाद जोडते. निर्णय देणारे न्यायालय सक्षम अधिकारितेचे नसणे, निर्णय वादाच्या गुणावगुणांवर दिलेला नसणे, आंतरराष्ट्रीय कायद्याची चुकीची समजूत किंवा लागू असलेल्या भारतीय कायद्यास नकार निर्णयाच्या मुळाशी असणे, कार्यवाही नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध असणे, निर्णय कपटाने मिळविलेला असणे आणि निर्णयाने भारतीय कायद्याच्या भंगावर आधारलेला दावा उचलून धरलेला असणे, असे हे सहा अपवाद आहेत.

या थोडक्या शब्दांतून सर्वोच्च न्यायालयाने दोन महत्त्वाच्या निर्णयांत परदेशी घटस्फोटांचा कायदा घडविला. पहिला निर्णय १९७४ चा असून तो न्या. यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी लिहिला. दुसरा १९९१ चा, न्या. पी. बी. सावंत यांचा. पक्षकारांच्या नावांऐवजी विवाहस्थळांवरून त्यांना येथे ‘जालंधर प्रकरण’ व ‘तिरुपती प्रकरण’ असे म्हटले आहे. दोन्ही निर्णयांची प्रशंसा होते ती प्रामुख्याने त्यांच्या फलितासाठी, म्हणजे टाकलेल्या पत्नीला त्यांनी दिलेल्या संरक्षणासाठी. ती प्रशंसा यथार्थच आहे. परंतु हे फलित ज्या शब्दांच्या आधारे साधले गेले, त्या शब्दांची पुरेशी चिकित्सा झालेली दिसत नाही. ती केली असता असे आढळून येते की, या कायद्याची सारी वाटचाल ‘अधिवास’ या एका संज्ञेभोवती आणि त्याहूनही अधिक त्या संज्ञेच्या मागे येणाऱ्या षष्ठी विभक्तीभोवती फिरत आली आहे. अधिवास कोणता, यापेक्षा अधिवास कोणाचा, हा प्रश्न येथे निर्णायक ठरला आहे.

२

प्रथम संज्ञेचा विचार करावयास हवा. मराठी विधिपरिभाषेत ‘अधिवास’ व ‘निवास’ हे दोन शब्द वेगळे राखले आहेत. निवास ही केवळ वस्तुस्थिती होय. मनुष्य जेथे राहतो तेथे त्याचा निवास. अधिवास सिद्ध होण्यास निवासाबरोबर एक मानसिक घटकही लागतो, तो म्हणजे त्याच भूमीवर कायमचे वा अनिश्चित काळपर्यंत राहण्याचा निश्चय. एकाच मनुष्याचे निवास अनेक असू शकतात. अधिवास मात्र एका वेळी एकच असतो आणि त्यावरून त्याच्या वैयक्तिक दर्जाचा कायदा ठरतो.

महाराष्ट्रातील सामान्य वाचकाच्या मनात या शब्दाचा अर्थ काहीसा निराळा आहे. प्रवेशासाठी वा नोकरीसाठी तहसील कार्यालयातून जे ‘डोमिसाइल’ काढले जाते, त्यामागे राज्यातील दीर्घ निवासाची कल्पना आहे. त्याचा खाजगी आंतरराष्ट्रीय कायद्यातील अधिवासाशी नामसादृश्यापलीकडे फारसा संबंध नाही. वैद्यकीय प्रवेशांच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्येच निदर्शनास आणले होते की, भारतीय नागरिकाचा अधिवास एकच, तो भारताचा. राज्याचा निराळा अधिवास ही कल्पना योग्य नव्हे. एकच शब्द दोन क्षेत्रांत दोन अर्थांनी नांदू लागला म्हणजे कसा घोटाळा होतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

या संज्ञेच्या षष्ठीचा इतिहास अधिक मार्मिक आहे. जुन्या इंग्रजी विचारसरणीत घटस्फोट देण्याचा अधिकार वैवाहिक अधिवासाच्या देशातील न्यायालयाकडे असे. सिलोनहून आलेल्या एका अपिलात प्रिव्ही कौन्सिलने १८९५ मध्ये हे तत्त्व ठामपणे मांडले. परंतु विवाहित स्त्रीचा अधिवास पतीच्या मागून जातो, हा नियम त्याच्या जोडीला होताच. त्यामुळे ‘वैवाहिक अधिवास’ हा दोघांना समान वाटणारा शब्द व्यवहारात ‘पतीचा अधिवास’ एवढ्याच अर्थाचा राहिला. पती जेथे जाईल तेथे पत्नीचा अधिवास तिच्या नकळत जाई. ती स्वतः आपल्या गावाबाहेर पाऊल टाको वा न टाको. इंग्लंडने हा नियम १९७३ च्या अधिनियमाने रद्द केला. भारतात भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मध्ये पत्नीचा अधिवास पतीच्या अधिवासास अनुसरतो हे सूत्र काही अपवादांसह अद्याप ग्रथित आहे.

३

जालंधर प्रकरणात हे सूत्र प्रत्यक्ष कसोटीस लागले. १९५५ मध्ये जालंधर येथे हिंदू पद्धतीने विवाह झाला. १९५९ मध्ये पती उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस गेला. पत्नी मुलांसह मागे राहिली. शिक्षण संपवून त्याने युटा राज्यात नोकरी धरली आणि १९६४ मध्ये शेजारच्या नेवाडा राज्यातील न्यायालयातून घटस्फोटाचा हुकूमनामा मिळविला. नेवाडाच्या कायद्यानुसार तेथे सहा आठवडे राहिलेल्या अर्जदारास असा अर्ज करता येत असे. पुढे १९६५ मध्ये पत्नीने जालंधर येथे फौजदारी प्रक्रिया संहिता, १८९८ च्या कलम ४८८ खाली पोटगी मागितली, तेव्हा पतीने उत्तर दिले की, विवाहच उरलेला नाही. दंडाधिकाऱ्यांनी पत्नीच्या बाजूने निर्णय दिला. उच्च न्यायालयाने मात्र पतीचा अधिवास भारतात राहिला नव्हता आणि पत्नीचा अधिवास पतीच्या मागून गेला, या आधारावर तो फिरविला. जालंधरमध्ये मुले वाढवीत बसलेली स्त्री अशा रीतीने कायद्याच्या दृष्टीने परदेशवासी ठरली.

सर्वोच्च न्यायालयाने हा निष्कर्ष रद्द केला. न्या. चंद्रचूड यांच्या विवेचनाचा गाभा असा की, पतीने नेवाडात केवळ हुकूमनाम्यापुरता मुक्काम केला होता. तेथे स्थायिक होण्याचा त्याचा निश्चय नव्हता. नोकरी युटात होती आणि कार्यभाग साधताच त्याने नेवाडा सोडले. तेव्हा निवास होता, अधिवास नव्हता. अधिवास आहे असे भासवून न्यायालयाची अधिकारिता मिळविणे हे कपट होय आणि कपटाने मिळविलेला निर्णय कलम १३ च्या संरक्षणास पात्र नाही.

हे विवेचन शब्दार्थाच्या दृष्टीने काटेकोर आहे. निवास आणि अधिवास यांतील भेद त्यात अचूक धरला आहे. अधिकारितेच्या पायाभूत वस्तुस्थितीविषयीचे कपटही कपटच होय, हे त्यात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. परंतु येथेच त्याची मर्यादाही दिसून येते. साऱ्या युक्तिवादाचा भार पतीच्या असत्य वर्तनावर पडला आहे. पती खरोखरच नेवाडात घर करून राहिला असता, त्याने तेथेच नोकरी धरली असती, तर कपटाचा मुद्दा गळून पडला असता. आणि मग पत्नीचे काय, या प्रश्नाचे उत्तर या निर्णयाच्या चौकटीतून थेट मिळत नाही. निर्णयाने पतीच्या अधिवासाचा पुरावा खोटा ठरविला. ‘पतीचा’ ही षष्ठी मात्र कायम ठेवली. पत्नी जिंकली ती पती प्रामाणिक नव्हता म्हणून, तिच्या स्वतःच्या कोणत्याही हक्काच्या आधारावर नव्हे. निर्णयकारांना ही अडचण जाणवली होती, असे मानावयास आधार आहे. त्यांनी इंग्लंडच्या १९७१ च्या अधिनियमाकडे बोट दाखवून भारतीय विधिमंडळानेही असा उपाय शोधावा अशी अपेक्षा व्यक्त केली. त्यानंतर विधि आयोगाने १९७६ मधील आपल्या पासष्टाव्या अहवालात परदेशी घटस्फोटांच्या मान्यतेचा सविस्तर विचार करून कायद्याची शिफारस केली. अधिनियम मात्र झाला नाही.

४

विधिमंडळाने मोकळी ठेवलेली जागा भरण्याचा प्रयत्न तिरुपती प्रकरणात झाला. विवाह १९७५ मध्ये तिरुपती येथे झाला. १९७८ मध्ये पतिपत्नी विभक्त झाले. १९८० मध्ये पतीने अमेरिकेच्या मिसुरी राज्यातील न्यायालयातून घटस्फोट मिळविला. त्याचा आधार तेथील नव्वद दिवसांचा निवास आणि विवाह पुन्हा सांधता येणार नाही इतका मोडला असल्याचे कारण हा होता. वास्तविक त्यापूर्वी तिरुपतीच्या न्यायालयात केलेल्या अर्जात त्याने आपला पत्ता लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स शहराचा दिला होता. १९८१ मध्ये त्याने दुसरा विवाह केला आणि पहिल्या पत्नीने द्विविवाहाची फिर्याद दाखल केली. मिसुरीचा हुकूमनामा बचाव म्हणून पुढे आला.

हे प्रकरण जालंधरच्याच मार्गाने, म्हणजे कपटाच्या मुद्द्यावर, निकालात काढता आले असते. न्या. सावंत तेवढ्यावर थांबले नाहीत, हे त्यांच्या निर्णयाचे वैशिष्ट्य होय. त्यांनी कलम १३ मधील एकेक शब्दप्रयोग हाती घेऊन वैवाहिक वादांपुरता त्याचा अर्थ नव्याने निश्चित केला. ‘सक्षम’ न्यायालय म्हणजे परदेशाच्या कायद्याने सक्षम मानलेले नव्हे, तर ज्या कायद्याखाली विवाह झाला त्या कायद्यास मान्य असलेले, किंवा ज्याच्या अधिकारितेस दोन्ही पक्षांनी स्वेच्छेने मान्यता दिली असे न्यायालय. ‘गुणावगुणांवर’ दिलेला निर्णय म्हणजे त्याच विवाहकायद्यात उपलब्ध असलेल्या कारणावर व प्रत्यक्ष प्रतिवादानंतर दिलेला निर्णय. ‘नैसर्गिक न्याय’ म्हणजे नुसती नोटीस बजावणे नव्हे. दूरच्या देशात जाऊन बाजू मांडणे उत्तरवादीस खरोखर शक्य होते काय, हे पाहणे, आणि आवश्यक तेथे तिच्या प्रवासाचा, राहण्याचा व खटल्याचा खर्च अर्जदाराकडून देवविणे हेही त्यात येते.

या नव्या अर्थांतून जो नियम निघाला तो असा : परदेशी न्यायालयाची अधिकारिता आणि घटस्फोटाचे कारण ही दोन्ही पक्षकारांच्या विवाहकायद्यास धरून असली पाहिजेत. यास तीन अपवाद आहेत. उत्तरवादीचा अधिवास किंवा नित्य व कायमचा निवास जेथे आहे तेथे अर्ज झाला व कारण विवाहकायद्यातील असले तर. उत्तरवादीने स्वेच्छेने व परिणामकारकपणे हजर राहून तशाच कारणावर प्रतिवाद केला तर. आणि उत्तरवादीने घटस्फोटास संमती दिली तर परदेशी निर्णय मान्य होईल.

येथे षष्ठीचा स्वामी बदलला आहे. जुन्या नियमात अधिवास पतीचा होता; नेवाडा व मिसुरीच्या कायद्यांत निवास अर्जदाराचा होता; न्या. सावंत यांच्या सूत्रात तो उत्तरवादीचा झाला. तिन्ही अपवादांच्या वाक्यांत कर्तृत्व उत्तरवादीकडे आहे. ती राहते, ती हजर होते, ती संमती देते. ज्या व्यक्तीला दूरदेशी ओढून नेले जात होते, तिच्या स्थानावरून व इच्छेवरून अधिकारिता मोजावयाची, हा बदल केवळ शाब्दिक नव्हे. टाकलेल्या पत्नीला पतीच्या लबाडीवर विसंबून राहण्याची गरज या निर्णयाने संपविली. पती प्रामाणिकपणे परदेशी स्थायिक झाला असला, तरी तेवढ्याने पत्नीचा विवाह तिच्या पाठीमागे तुटत नाही. जालंधर प्रकरणाने अनुत्तरित ठेवलेल्या प्रश्नाचे उत्तर ते हेच.

५

तथापि या सूत्राची दुसरी बाजूही पाहावयास हवी. निर्णयाच्या विवेचनात जी व्यक्ती डोळ्यांपुढे आहे ती स्त्री आहे. स्त्रियांचे संरक्षण हा आपल्या नियमाचा एक गुण म्हणून निर्णयात सांगितलाही आहे. परंतु नियमाच्या शब्दांत ‘पत्नी’ हे पद कोठेही नाही. तेथे आहे ‘उत्तरवादी’. हेतू एका व्यक्तीस उद्देशून आणि शब्दरचना एका भूमिकेस उद्देशून, असे हे अंतर आहे. पत्नी उत्तरवादी असेल तोवर ही दोन्ही एकमेकांवर बरोबर बसतात. पत्नी अर्जदार झाली की ती विलग होतात.

असा प्रसंग दुर्मिळ मानण्याचे कारण नाही. विवाह भारतात झाला; दोघे परदेशी गेली; तेथे पत्नीचा छळ झाला व ती वेगळी राहू लागली; पती भारतात परतला. पत्नीची नोकरी, मुलांची शाळा, छळाचे साक्षीदार हे सारे त्या देशात. तिने तेथील न्यायालयातून घटस्फोट घेतला. त्या न्यायालयात विवाह मोडल्याचे एवढेच कारण पुरेसे असल्याने छळाचे आरोप सिद्ध करण्याची तिला गरज पडली नाही. पतीने हजेरी दिली नाही व संमतीही नाकारली. आता तिरुपती प्रकरणाचे सूत्र लावावे. उत्तरवादीचा, म्हणजे पतीचा, निवास तेथे नाही. तो हजर झाला नाही. त्याने संमती दिली नाही. आणि घटस्फोटाचे कारण हिंदू विवाह अधिनियमात नाही. परिणामी परदेशात मुक्त झालेली ही स्त्री भारतात विवाहितच राहते. तिने पुन्हा विवाह केल्यास फिर्यादीचे शस्त्र पतीच्या हाती येते. टाकलेल्या पत्नीसाठी उभारलेली भिंत अशा प्रसंगी सुटू पाहणाऱ्या पत्नीचीच वाट अडविते. अडवणूक करण्याचे सामर्थ्य उत्तरवादीच्या भूमिकेत आहे आणि ती भूमिका येथे पतीची आहे.

यावर असे म्हणता येईल की, अशा स्त्रीने भारतातच अर्ज करावा. परंतु ज्या अंतराचा, खर्चाचा व असहायतेचा विचार करून न्या. सावंत यांनी नैसर्गिक न्यायाचा अर्थ विस्तारला, ते सारे येथेही तसेच आहे. केवळ दिशा उलटली आहे.

कारणाच्या बाबतीतही १९९१ नंतर परिस्थिती पालटली आहे. विवाह पुन्हा न जुळण्याइतका मोडणे हे कारण हिंदू विवाह अधिनियमात घटस्फोटाचे कारण म्हणून आजही नाही. परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०२३ मध्ये असा निर्णय दिला की, संविधानाच्या अनुच्छेद १४२ खालील अधिकारात न्यायालय स्वतः या कारणावर विवाह विसर्जित करू शकते, आणि एका पक्षाचा विरोध असला तरीही. हा अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाचा व विवेकाधीन आहे, हे खरे. त्यावरून ते कारण अधिनियमात समाविष्ट झाले असे म्हणता येणार नाही. परंतु जे कारण भारतीय न्यायव्यवस्थेच्या सर्वोच्च पीठास स्वतः वापरता येते, ते परदेशी न्यायालयाने वापरले म्हणून भारतीय कायद्यास दिलेला ‘नकार’ ठरते, हे म्हणणे १९९१ मध्ये होते तितके सहज आता राहिलेले नाही.

६

यावर उपाय तिरुपती निर्णयाच्या अंतरंगातच सापडण्याजोगा आहे. मिसुरीच्या न्यायालयाची अधिकारिता तपासताना न्यायालयाने हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १९ ची फूटपट्टी वापरली : विवाह कोठे झाला, उत्तरवादी कोठे राहते, दोघे शेवटी एकत्र कोठे राहिली. वस्तुतः कलम १९ भारतातील जिल्हा न्यायालयांसाठी आहे. ते परदेशी न्यायालयास लावले गेले ते केवळ मोजमाप म्हणून. हे मोजमाप एकदा स्वीकारल्यावर त्यात पुढे झालेली भरही स्वीकारणे सुसंगत ठरते. २००३ च्या दुरुस्तीने कलम १९ मध्ये नवे पोटकलम आले. त्यानुसार पत्नी अर्जदार असेल तर अर्जाच्या दिनांकास ती जेथे राहत असेल तेथील न्यायालयातही तिला अर्ज करता येतो. म्हणजे ‘निवास कोणाचा?’ या प्रश्नास भारतीय विधिमंडळाने स्वतःच ‘अर्जदार पत्नीचा’ असे एक उत्तर दिले आहे. १९९१ च्या सूत्रात ‘विवाहकायद्यास धरून असलेली अधिकारिता’ हे शब्द आहेत. ते त्या वर्षीच्या कायद्यापुरते गोठवून ठेवावेत असे निर्णयात कोठेही म्हटलेले नाही. दुरुस्त कलम १९ च्या प्रकाशात ते वाचले, तर परदेशी राहणाऱ्या पत्नीच्या निवासस्थानाचे न्यायालय अधिकारितेपुरते तरी सक्षम मानण्यास वाट मिळते. आणि असे वाचन निर्णयाच्या शब्दांइतकेच त्याच्या हेतूसही धरून होईल.

कारणाची अडचण मात्र वाचनाने सुटण्यासारखी नाही. अधिनियमात नसलेले कारण शब्दार्थाच्या बळावर अधिनियमात आणणे म्हणजे निर्वचनाची मर्यादा ओलांडणे होय. ते काम विधिमंडळाचे आहे. १९७४ चा निर्णय, १९७६ चा अहवाल आणि १९९१ चा निर्णय या तिघांनीही त्याच दिशेने निर्देश केला आहे. मधल्या काळात न्यायालयांनी कलम १३ च्या सहा अपवादांतील शब्दांवर त्यांनी मुळात न पेललेला भार टाकला. ते शब्द १९०८ च्या संहितेत आले तेव्हा पैशाचे, व्यापाराचे व मालमत्तेचे दावेही त्यांच्या कक्षेत होते आणि आजही आहेत. तुटलेल्या संसारांचा सारा व्यवहार एकट्याने पेलण्यासाठी त्यांची रचना झालेली नव्हती.

दोन्ही निर्णयांचे मूल्यमापन या पार्श्वभूमीवर करावे लागते. जालंधर निर्णयाने शब्दाचा अर्थ अचूक धरला, परंतु त्याचा स्वामी बदलला नाही. तिरुपती निर्णयाने स्वामी बदलला, परंतु नव्या स्वामीस ‘उत्तरवादी’ या तटस्थ नावाने संबोधिल्यामुळे त्याच्या मागे कधी पीडित पत्नी तर कधी पीडा देणारा पती उभा राहू शकतो. पुढील अधिनियमाच्या मसुदाकारांनी परदेशी घटस्फोटांच्या मान्यतेची कलमे लिहिताना ‘अधिवास’ या शब्दाच्या व्याख्येवर जेवढा वेळ खर्च करावा, तेवढाच त्याच्या आधी येणाऱ्या षष्ठ्यन्त पदावरही करावा.